साहेबाचे सात, दाभणचे पाच

दाभणला जळायला काडी लागत नाही. समोरच्या दुकानाला नवी पाटी लागली तरी याच्या पोटात दुखतं. शेजारच्याच्या कुंडीत फूल आलं, तर हा म्हणणार, "प्लॅस्टिकचं असेल, हात लावून बघा." पण ही सगळी वरवरची जळजळ. एक कप चहा पोटात गेला की विझते. खरी आग एकाच माणसावर, साडूवर. तीही एकाच कारणानं. ते कारण म्हणजे वस्ताद.

दाभण सोफे शिवतो. पोती शिवायची ती जाडी, लांब सुई असते ना, दाभण, तसाच अंगानं आहे. उंच, किडकिडीत, आणि तोंड उघडलं की कुठंतरी टोचणारच. खरं नाव लग्नाच्या पत्रिकेवर छापलं होतं, त्यानंतर कुणी वापरलं नाही. सातवीत शाळा सुटली. शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, यावर घरात अजून वाद आहे. तेव्हा वस्तादांनी त्याला आपल्या दुकानात घेतलं आणि जुन्या खुर्च्यांचे खिळे उपटायला बसवलं. काम शिकवलं, पुढं पोरगी दिली, आणि हात थरथरायला लागले तेव्हा दुकानही दिलं. म्हणजे सासरा तो नंतर झाला. आधी वस्ताद. दाभण अजून त्यांना वस्तादच म्हणतो. बापाचं तोंड त्याला नीटसं आठवत नाही, त्यामुळं ती जागाही त्यांनाच गेली.

वस्तादांचं एक होतं. शिवलेली गादी समोर आली की डोळ्यांनी बघायचे नाहीत. अंगठा घ्यायचे आणि कडेकडेनं दाबत जायचे. कुठं फोम कमी, कुठं काथ्या जास्त, सगळं अंगठ्याला कळायचं. काम वाईट असेल तर "हं." बरं असेल तर "चालेल." आणि फारच जमलं असेल तर "बेष्ट." हा शेवटचा शब्द इतका महाग की दाभणला तो कुठल्या कुठल्या कामाला मिळाला हे त्याच्या बायकोलाही पाठ आहे.

दाभणनं एकट्यानं केलेली पहिली सीट रेक्झिनची होती. चारी बाजूंनी अशी घट्ट शिवली की मुंगी आत जाणार नाही. गिऱ्हाईक वजनदार होतं. ते बसलं, आणि सीटनं असा काही आवाज काढला की गिऱ्हाईकच लाजलं. शिवण फाटली होती. दुकान हसून लोळलं. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी सीट उलटी केली, खालचं रेक्झिन फाडून काढलं आणि तिथं पातळ कापड लावलं. म्हणाले, "आतली हवा जाणार कुठं? गादीला श्वास ठेवायचा, पोरा." त्या दिवसापासून दाभणच्या हातून बिनश्वासाची गादी बाहेर पडली नाही.

तर रविवार. रविवारी दुपारी वस्ताद दाभणकडं यायचे. पुढं दुकान, मागं खोली. खोलीत टीव्ही, आणि टीव्हीसमोर वस्तादांची खुर्ची. ती दाभणनं त्यांच्या मापानं केलेली. गुडघे वाकत नाहीत म्हणून बैठक चार बोटं उंच. डावा खांदा दुखतो म्हणून डावा हात रुंद. मान मागं टाकली की बरोब्बर टाळूखाली येईल अशी उशी. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नाही. एकदा बायकोनं वाळलेले कपडे ठेवले होते तर दाभण दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता.

पिक्चर लागायचा. जुना, भरपूर बोलणारा. वस्तादांना मारामारी आवडत नाही, त्यांना कोर्ट आवडतं. फक्त कान गेले होते. मग दर दोन मिनिटांनी, "काय म्हणाला रे?" की दाभण सांगणार. पुन्हा, "आता काय म्हणाला?" दाभण पुन्हा सांगणार, जरा चढ्या आवाजात. आणि एखाद्या रविवारी, डोकं तापलेलं असलं की, "वस्ताद, गप बघा की हो! संपल्यावर एकदम सांगतो." मग वस्ताद गप व्हायचे आणि पडद्याकडं बघत राहायचे.

आता साहेब. साहेब म्हणजे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. विमा कंपनीत टेबल-खुर्ची, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वस्ताद त्यांना "अहो साहेब" म्हणतात आणि दाभणला "अरे ए". हेही दाभणच्या डोळ्यांत खुपतंच. आणि सगळ्यात मोठा त्रास म्हणजे साहेब माणूस चांगला आहे. उद्धट असता, कंजूस असता, तर दाभणला मोकळेपणानं शिव्या घालता आल्या असत्या. पण हा आजारपणात आधी धावतो, हसून बोलतो, मेहुणीला, म्हणजे दाभणच्या बायकोला, पाठच्या बहिणीसारखं वागवतो. अशा माणसावर जळायचं म्हणजे दुप्पट मेहनत.

या साहेबानं होम थिएटर घेतलं. सगळ्यांना बोलावलं. दिवाणखाना म्हणजे नुसती फरशी आणि काच. पडद्याएवढा टीव्ही, सात स्पीकर, एक पिंपाएवढा डब्बा नुसत्या धडधडीसाठी, आणि मधोमध काळी चकचकीत पेटी. तिच्यावर निळे आकडे.

"हा रिसीव्हर," साहेब म्हणाले. "सगळ्यांचा मेंदू. टीव्हीचा आवाज याच्यात येतो आणि हा वाटून देतो. कुठल्या स्पीकरनं काय बोलायचं ते हा ठरवतो."

"म्हणजे ऑफिसात तुम्ही करता तेच," दाभण म्हणाला.

साहेब खळखळून हसले. बघा, लागलंसुद्धा नाही.

मग विमान आलं. मागच्या भिंतीतून निघालं, डोक्यावरून गेलं आणि टीव्हीत घुसलं. दाभणनं मान खाली घातली. खरंच घातली. ताई, म्हणजे साहेबांची बायको, हसली. पण दाभणचं लक्ष तिच्याकडं नव्हतं. वस्ताद लेदरच्या मोठ्या खुर्चीत बसले होते, पाय वर, आणि लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते.

"बेष्ट!" वस्ताद म्हणाले. "साहेब, बेष्ट!"

झालं. विमानानं जे केलं नाही ते या शब्दानं केलं. दाभण मुळापासून हादरला. एका पेटीला! दुकानातून उचलून आणलेल्या पेटीला, जिला एक टाका घालावा लागला नाही, तिला बेष्ट!

पुढच्या रविवारी वस्ताद आले नाहीत. साहेब गाडी घेऊन त्यांना घ्यायला गेले होते. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. दाभणच्या खोलीत खुर्ची रिकामी. दाभण पुढं दुकानात जाऊन खिळे ठोकत बसला. रविवारी दुकान बंद असतं, तरी.

"कुणाच्या नावानं ठोकतोयस?" बायकोनं विचारलं. तिनं त्याला खिळे उपटायच्या दिवसांपासून बघितलेलं. ती त्याला अहो-जाहो करत नाही.

"ऑर्डर आहे."

"खोटं बोलू नकोस. त्या फळीत आता लाकूड कमी आणि लोखंड जास्त झालंय."

ही अशी बायको. दाभणचं नाव दाभण, पण टोचण्यात ती सरस.

त्याच सुमारास एका डॉक्टरीणबाईंच्या घरी सोफ्याचं काम निघालं. काम झाल्यावर बाईंनी माळ्यावरचं एक खोकं दाखवलं. "हे घेऊन जाता का? याची मशीन जळली, तेव्हापासून पडून आहे." आत पाच स्पीकर. चार उभे आणि एक आडवा. धूळ पुसली तर लाकूड अस्सल. दाभणनं खोकं डोक्यावर घेतलं आणि असा घरी आला जसा मुलगी बघायला निघालाय.

बायकोनं पाचही स्पीकर ओळीनं मांडलेले बघितले. "छान आहेत. आता यांना वाजवणार कोण? तू आतून ओरडणार?"

"रिसीव्हर घ्यायचा."

"शिलाईचे पैसे डब्यात आहेत तेवढ्यात घ्यायचा. डब्याबाहेर एक पैसा नाही. आणि मी बरोबर येणार."

इलेक्ट्रॉनिकच्या बाजारात दाभण आधी एकटाच तीनदा जाऊन आला. हे बायकोला माहीत नव्हतं. काचेबाहेर उभं राहून तो फक्त आकडे वाचायचा, कुठली पेटी किती स्पीकर चालवते त्याचे. पाच. सात. नऊ. साहेबाचे सात होते, म्हणून पाचांच्या पेट्यांकडं तो बघतसुद्धा नव्हता. सातांच्या पेट्या बघायचा आणि डबा आठवून पुढं सरकायचा. शेवटी एका दुकानात, खालच्या फळीवर, त्याला ती दिसली. जुनी, कुणीतरी वापरलेली, पण थोरली. दोन माणसांनी उचलावी अशी. आणि पुढं लिहिलेलं, नऊ.

नऊ! त्या रात्री दाभणला झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेला. दुकानदार म्हातारा होता, गळ्यात दोरीनं चष्मा लटकवलेला. तो लावायचा कमी आणि हलवायचा जास्त.

"ही पेटी," दाभण म्हणाला.

"स्पीकर किती आहेत तुमच्याकडे?"

"सध्या पाच."

"सध्या म्हणजे?" बायको म्हणाली. "उरलेले चार कुठं टांगणार आहेस? पंख्याला? आपल्या खोलीला कोपरे चार आहेत, त्यातल्या एकात कपाट आहे."

दुकानदार खोकला. हसू लपवायचा तो खोकला. मग त्यानं पेटी लावली आणि हेलिकॉप्टरचा आवाज सोडला. दुकानाच्या काचा थरथरल्या. दाभणच्या छातीत कुणीतरी ढोल बडवला. साहेबाचं विमान ते काय, चिलट! त्याला दिसायलाच लागलं, साहेब येतील, मान खाली घालतील, आणि वस्ताद...

"घेतली," दाभण म्हणाला.

"थांब," बायको म्हणाली. "काका, कुणी माणूस बोलतो असं काही लावा ना."

"बोलतो?"

"बोलतो. आमच्या बाबांना कोर्ट आवडतं. हेलिकॉप्टरमधून कोण येणारे आमच्या कोर्टात?"

दुकानदारानं एक बाई आणि एक पुरुष भांडतायत असं काहीतरी लावलं. मागं पाऊस, गाड्या, संगीत. नऊच्या पेटीतून पाऊस बेफाम पडला. गाड्या धावल्या. भांडण मात्र पाण्यात गेलं. बाई काहीतरी फार महत्त्वाचं बोलली, पण काय ते देवाला ठाऊक.

"ही आता बघा," दुकानदार म्हणाला आणि फडक्यानं एक बारकी, नवी कोरी पेटी पुसून पुढं केली. तिच्यावर पाच लिहिलेलं. दाभणनं तोंड फिरवलं. "हिची ताकद कमी आहे, खोटं सांगत नाही. पण खोली लहान असेल तर पुरून उरेल. आणि हिच्यात बोलणं वेगळं वर उचलता येतं. तुमचा तो आडवा स्पीकर आहे ना, तो बोलण्याचाच. बाकी सगळं खाली ठेवायचं, त्याला वर घ्यायचं."

पुन्हा तोच पाऊस, तेच भांडण. आणि बाई स्वच्छ म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय, भांडून झालं की खा."

बायको फिसकन हसली. दाभण हसला नाही. त्याच्या पोटात दोन माणसं मारामारी करत होती. एक म्हणत होता, वस्तादांना ऐकू येईल. दुसरा म्हणत होता, पाच म्हणजे साताच्या खाली.

दोन्ही पेट्यांची किंमत डब्यात बसत होती. हाच घोळ. एखादी न परवडणारी असती तर नशिबावर ढकलता आलं असतं.

"साहेबाकडं सात आहेत," तो शेवटी हळूच म्हणाला.

"साहेबाकडं केसही आहेत," बायको म्हणाली. "ते कुठून आणणार?"

दाभणनं टोपी नीट केली आणि पाचाची पेटी घेतली. दुकानदार खोक्याला सुतळी बांधता बांधता सांगत होता, की ही तापते, भोवती चार बोटं मोकळी ठेवा, वर काही ठेवू नका. दाभण मान हलवत होता, पण डोळे त्या नऊवर होते. जमलेलं लग्न मोडावं तसा तो दुकानातून बाहेर पडला.

घरी जोडणी झाली. आवाज छान होता. पण पेटी! टीव्हीखाली ठेवली तर दिसेचना. साहेबाची कशी, राजासारखी बसलेली. ही कोपऱ्यात उभ्या पाहुण्यासारखी. साहेब येणार, बघणार, आणि चांगुलपणानं म्हणणार, "वा, छोटीशीच पण छान आहे!" ते वाक्य दाभणला आताच ऐकू येत होतं. पाच स्पीकरमधून.

मग दाभणनं त्याला जे येत होतं ते केलं. मरून रंगाचं सगळ्यात भारी रेक्झिन काढलं. दोन बोटं जाड फोम कापला. पेटीचं माप घेतलं आणि तिला गादीच शिवली. वरून, दोन्ही बाजूंनी, मागून. पुढं आकडे दिसायला तेवढी खिडकी, तीही अशी कापली की तो पाच बरोब्बर झाकला जाईल. चौकटीत बटणं खेचून बसवली, कडेनं सोनेरी पायपिंग फिरवलं. पेटी दीडपट झाली. सिंहासन झाली. दाभण मागं सरकून बघत राहिला आणि स्वतःशीच म्हणाला, आता ये म्हणावं.

बायकोनं बघितलं. "पेटीला थंडी वाजते का?"

"तुला कामातलं काय कळतंय?"

"वस्तादाची पोरगी आहे मी," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं तेव्हाच हात लावून बघितलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण तीही रागावली होती.

रविवार आला. या वेळी दाभणनं सगळ्यांनाच बोलावलं. नुसते वस्ताद आले तर काय मजा? साहेबानं बघायला हवं. वस्ताद आले, आपल्या खुर्चीत बसले, डावा हात रुंद भागावर टाकला आणि "हुश्श" केलं. त्या हुश्शनं दाभणचं अर्धं काम झालं. साहेब आणि ताई सोफ्यावर.

"अरे बाप रे," साहेब म्हणाले. "केवढा मोठा रिसीव्हर! किती चॅनलचा?"

"मोजले नाहीत," दाभण म्हणाला.

कोर्टाचा पिक्चर लावला. खोलीत चारी बाजूंनी फोमचे गठ्ठे, कापडाचे तागे, काथ्याची पोती. फरशी म्हणून दिसत नव्हती. आवाज कुठं आपटून परत येतच नव्हता. आडव्या स्पीकरमधून वकील असा बोलायला लागला की जणू दुकानात भाव करायला आलाय.

दाभण पिक्चर बघत नव्हता. तो वस्तादांचं तोंड बघत होता. "काय म्हणाला रे" कधी येतं याची वाट बघत. ते आलंच नाही.

पडद्यावर वकिलानं साक्षीदाराला विचारलं, "इतक्या अंधारात तू चोर ओळखलास कसा?" साक्षीदार म्हणाला, "तो माझ्याच वहाणा घालून पळत होता. फटफट ओळखीची वाटली."

आणि वस्ताद हसले. सगळ्यांच्या आधी. साहेबांच्या आधी, ताईच्या आधी, दाभणच्या आधी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या कानांनी ऐकून हसले, आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "वहाणा घालून पळत होता म्हणे!"

दाभणनं साहेबांकडं बघितलं. साहेबही वस्तादांकडंच बघत होते, जरा चकित होऊन. त्यांच्या दिवाणखान्यात वस्ताद टाळ्या वाजवायचे, पण असे बरोबर जागेवर कधी हसले नव्हते. दाभणला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. थोडीशीच.

पिक्चर शेवटाला आला. वकील कोर्टाच्या मधोमध उभा राहिला. बोट वर केलं. "माय लॉर्ड, खरा खुनी याच कोर्टात बसलाय. आणि त्याचं नाव आहे..."

खट्.

पडद्यावर वकिलाचं तोंड हलतंय. कोर्टात खळबळ. कुणीतरी उठून पळतंय. आवाज शून्य. निळा आकडा विझलेला.

"वीज गेली?" ताई म्हणाली.

"टीव्ही चालू आहे की," साहेब म्हणाले. "टीव्हीचा स्वतःचा आवाज लावू का?"

"टीव्हीच्या आवाजाला हात लावला तर मी हे घर सोडून जाईन," दाभण म्हणाला. त्यानं पेटीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पेटी एक क्षण उजळली आणि मेली. साहेबांनी चांगुलपणानं नजर छताकडं वळवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

वस्ताद खुर्चीतून उठले. बैठक उंच, त्यामुळं उठायला कुणाचा हात धरावा लागला नाही. हळूहळू टीव्हीपाशी आले आणि पेटीवर तळहात ठेवला. पटकन काढला.

"ताप आलाय हिला."



वस्तादांनी मागं हात घातला. खाली घातला. बोटं शिवणीवरून फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग दाभणकडं वळले. "श्वास कुठं ठेवलास?"

दाभण चाळिशी ओलांडलेला माणूस. शहरातल्या अर्ध्या दिवाणखान्यांत त्याच्या गाद्या आहेत. पण त्या क्षणी तो पुन्हा सातवी सोडून आलेला पोरगा झाला. "राहिला," तो म्हणाला.

"राहिला कसा? पहिल्या दिवशी शिकवलेलं."

"पेटी बारकी दिसत होती, वस्ताद. साहेबांच्या पुढं."

घ्या. बोलून गेला. दाभणचं असंच आहे, टोचायला निघतो आणि स्वतःलाच टोचतो. ताईनं पदर तोंडाला लावला. साहेब खाली बघायला लागले.

"सुरी आण," वस्ताद म्हणाले.

उसवायची सुरी दाभणनं आणून दिली. वस्तादांचे हात थरथरतात, पण सुरी शिवणीत गेली आणि थरथर थांबली. टाका टाका उसवत गेले. बटणं निघाली, फोम निघाला, आणि आतून ती बारकी पेटी बाहेर आली, घामेजल्यासारखी गरम. वर पाचाचा आकडा. साहेबांनी तो वाचला. दाभणनं डोळे मिटून घेतले.

"वा," साहेब म्हणाले. दाभण वाट बघत होता त्या 'छोटीशीच'ची. पण साहेब म्हणाले, "माझ्या साताच्या पेटीत मला एक वाक्य कळत नाही हो. मला वाटायचं माझेच कान गेले." आणि त्यांनी टेबलावरचा जुना पेपर उचलला, गुडघ्यावर बसले, आणि पेटीला वारा घालायला लागले. इस्त्रीच्या शर्टात. विमा कंपनीचे साहेब.

वस्ताद उसवलेल्या रेक्झिनच्या पट्टीवरून अंगठा फिरवत होते. पायपिंगवर जरा थांबले. मागं गेले, पुन्हा दाबून बघितलं.

"अक्कल नाही," ते म्हणाले. "पण शिवण बेष्ट."

थोड्या वेळानं पेटीला जीव आला. पिक्चर जरा मागं नेऊन बघितला तर खुनी मुनीम निघाला. वस्तादांनी तो आधीच ओळखला होता म्हणे.

इथपर्यंत दाभण जिंकला होता. मग निघताना, चपला घालता घालता, वस्ताद म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं आवाज मोठा, पण शब्द फरशीवर आपटून फुटतात. या दाभणकडनं भिंतींना कापडाचे पट्टे मारून घ्या. आत फोम. मग तिथंही असं ऐकू येईल." आणि दाभणला, "करशील ना रे?"

दाभणच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबाची भिंत शिवायची म्हणजे आपल्याच हातानं रविवार उसवायचा. पण वस्तादांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. "करतो," तो म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, पेटीचा वास नाकात बसलाय.

पट्टे करताना मनात आलंच. फोम एक बोट पातळ घालावा. कुणाला कळणारे? वरून कापड तेच, रंग तोच. शब्द थोडे फुटतील, तेवढंच. त्यानं पातळ फोम कापलाही. मग तो अंगठा आठवला. कापलेला फोम कोपऱ्यात फेकला आणि जाड घेतला. शिव्या देत देत घेतला, पण घेतला. साहेबांच्या भिंतीवर पट्टे बसवले, मागं फटी ठेवल्या, कडा अशा जुळवल्या की सांधा सापडू नये.

वस्ताद बघायला आले. अंगठा घेऊन भिंतीभोवती फिरले. साहेब मागं, ताई आणि दाभणची बायको मागं, दाभण दारात, हातात हातोडी. आख्खी भिंत झाली आणि वस्ताद म्हणाले, "बेष्ट."

मग जाऊन त्या लेदरच्या खुर्चीत बसले. कूस बदलली. पाय वर घेतले, खाली घेतले. डावा हात ठेवायला जागा शोधली, सापडली नाही. साहेबांनी पिक्चर लावला, शब्द स्वच्छ यायला लागले, सगळ्यांनी वस्तादांकडं बघितलं.

"ऐकू येतंय," वस्ताद म्हणाले. "पण ही खुर्ची माझ्या मापाची नाही. दाभण, असं कर. माझी खुर्ची इकडं आणून ठेव. कायमची."

हातोडी दाभणच्या हातात होती. ती त्यानं खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला.

ताई बघतच राहिली. बायकोनं भुवया वर केल्या. साहेबांनी आवाज बंद केला.

"काय म्हणालास?" वस्तादांनी विचारलं.

"नाही देणार. भिंत मागितली, भिंत दिली. फोम जाड घातलाय, बघितलात. या खुर्चीचं माप बदलायचं तर बदलून देतो, नवी शिवायची तर शिवतो. पण ती खुर्ची माझ्या घरातून हलणार नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही."

वस्तादांना तोंडावर असं 'नाही' आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दाभणचे कान लाल झाले होते. पण तोंड फिरवलं नाही.

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. मग लेदरच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठायला लागले. बैठक खोल होती, उठता येईना. दाभणनं पुढं होऊन हात दिला.

"खुर्ची येत नाही म्हणतोस," वस्ताद उभे राहात म्हणाले. "मग मलाच यावं लागणार." आणि साहेबांकडं वळून, "चला हो साहेब, पिक्चर तिकडंच बघू. तुमची भिंत काही पळून जात नाही."

साहेब हसले आणि गाडीची किल्ली घ्यायला आत गेले. तेवढ्यात वस्तादांनी दाभणच्या दंडावर अंगठा टेकवला, गादीला दाबतात तसा, आणि दाबला.

"चालेल," ते म्हणाले.